दहा, पाच, सत्तर : म्हातारपणाच्या औषधपाण्याचा हिशेब

मंडळाच्या मागच्या बैठकीत प्रत्येकानं घरातला एक जुना कागद आणायचा, असं ठरलं होतं. कुणी पणजोबांची मोडीतली खातेवही आणली, कुणी जुनं रेशनकार्ड. मी एक निळा नकाशा घेऊन गेलो. अमोनिया प्रिंट, घड्यांवर फाटलेला, १९९३ सालचा. उधन्याकडच्या एका यंत्रमाग खात्याचा. खाली उजव्या कोपऱ्यात माझी सही. टेबलावर पसरला तेव्हा एक ज्येष्ठ सभासद चष्मा वर करून म्हणाले, "अहो, ह्यात इतिहास कुठे आहे? ही तर नुसती भिंत आहे."

त्या भिंतीचाच इतिहास आज लिहितो आहे.

आधी माझ्याबद्दल एक वाक्य. मी इतिहास रीतसर शिकलेलो नाही. यंत्र अभियांत्रिकी केली, १९९१ पासून सुरतेच्या मागांत आणि प्रोसेस हाउसांत नोकऱ्या केल्या आणि चाळिशीनंतर जुने कागद वाचायचा नाद लागला. त्यामुळे माझा हिशेब जरा कारखान्याच्या पद्धतीचा असतो : माल कुठून आला, कुठे गेला, आणि गळती नेमकी कुठे झाली.

विषय आहे म्हाताऱ्या माणसांच्या सरकारी आरोग्यसंरक्षणातली कपात. परदेशी बातम्यांत हे वरचेवर वाचायला मिळतं. तिकडे सरकारनं वृद्धांच्या उपचारखर्चाला हात लावला की मंत्री पडतात, मोर्चे निघतात. आपल्याकडे अशी बातमी जवळपास कधी येत नाही. मग आपल्याकडे कपात होतच नाही का? बरीच वर्षं मलाही तसंच वाटायचं.

म्हाताऱ्या बैलांचं इस्पितळ

आपल्या वाचनवर्गात आपण जॉन ओव्हिंग्टन वाचला, ते आठवत असेल. इंग्रजांचा हा पाद्री १६८९ मध्ये सुरतेच्या प्रवासाला निघाला आणि १६९६ मध्ये त्याचं प्रवासवर्णन लंडनला छापलं गेलं. सुरतेतल्या ज्या गोष्टींनी तो चक्रावला, त्यांत जनावरांचं इस्पितळ होतं. आजारी, लंगड्या, कामातून गेलेल्या गाई, घोडे, बकऱ्या तिथं मरेपर्यंत सांभाळल्या जात. ढेकूण-पिसवांचीसुद्धा तिथं सोय होती, असं तो लिहितो. वाण्यांची जीवदया त्याला विचित्र वाटली, पण त्यानं ती नोंदवली. पांजरपोळ आजही सुरतेत आहे.

म्हणजे कामातून गेलेल्या जिवाचं पुढे काय करायचं, हा प्रश्न ह्या शहराला सव्वातीनशे वर्षांपूर्वीही ठाऊक होता. बैलापुरतं त्याचं उत्तरही होतं : ज्या व्यापाराला त्याच्या कष्टाचा फायदा झाला, त्या व्यापारातूनच महाजनानं लागा घ्यायचा आणि त्याला पोसायचं. माग चालवणाऱ्या माणसाच्या बाबतीत काय झालं, ते पाहू.

दात, चष्मे आणि एक मोटार

त्याआधी दोन परदेशी प्रसंग सांगतो, तुलनेला लागतील.

ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ ला राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. उपचार सगळ्यांना मोफत. तीनच वर्षांत, कोरियाच्या युद्धापायी शस्त्रांवरचा खर्च वाढला आणि अर्थमंत्री गेट्स्केल यांनी कवळी आणि चष्मा यांची निम्मी किंमत लोकांकडून घ्यायचं ठरवलं. कवळी आणि चष्मा कुणाला लागतो, हे सांगायला नको. ही सेवा ज्यांनी उभी केली, त्या ॲन्यूरिन बेव्हन यांनी एप्रिल १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यांच्याबरोबर हॅरल्ड विल्सनही बाहेर पडले, जे पुढे पंतप्रधान झाले. मजूर पक्षात त्यानंतर किती वर्षं दोन तट राहिले!

दुसरा प्रसंग अमेरिकेतला. तिथं ६५ वर्षांवरच्यांसाठी मेडिकेअर १९६५ मध्ये आलं. १९८८ मध्ये त्यात मोठ्या आजारांसाठी जादा संरक्षण घालणारा कायदा झाला, पण त्याचा खर्च वृद्धांनीच, त्यातही सुखवस्तू वृद्धांनी जादा कर देऊन भरायचा होता. १७ ऑगस्ट १९८९ ला शिकागोत कायद्यामागचे एक प्रमुख खासदार डॅन रोस्टेनकोव्स्की यांची मोटार म्हाताऱ्या बायाबापड्यांनी अडवली, साहेबांना गाडी सोडून पायी पळावं लागलं. त्याच वर्षअखेर कायदा रद्द झाला. ह्यात एक मेख आहे. ज्यांना कर पडत होता त्यांचा आवाज मोठा होता. ज्या गरीब म्हाताऱ्यांना फायदा होणार होता, त्यांचा कुणी ऐकला नाही. पण आवाज होता, हे महत्त्वाचं.

दोन्हीकडे एक गोष्ट समान दिसते. संरक्षण हक्क म्हणून हातात आलेलं होतं, म्हणून ते काढून घेताना दिसलं.

नाशिकचे भोर आणि प्रा. आडारकर

आपल्याकडे हा हक्क कागदावर आणण्याचं काम त्याच सुमारास चाललं होतं आणि त्यात मराठी माणसं पुढे होती, ह्याचा आपल्याला विसर पडला आहे. १९४३ मध्ये सरकारनं आरोग्यव्यवस्थेची पाहणी करायला समिती नेमली, तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर. जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्यात. १९४६ च्या त्यांच्या अहवालाचा गाभा असा, की पैसे देता येत नाहीत म्हणून कुणाला उपचार नाकारले जाऊ नयेत. त्यात वयाची अट नव्हती.

त्याच १९४३ मध्ये औद्योगिक कामगारांसाठी आरोग्यविम्याची योजना आखायचं काम प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे दिलं गेलं. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात तेव्हा मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. आडारकरांचा अहवाल १९४४ मध्ये आला. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. मुंबईच्या गिरणगावात ती १९५४ मध्ये पोचली. कामगार थोडी वर्गणी भरणार, मालक जास्त भरणार आणि दवाखाना, औषध, आजारपणातला भत्ता मिळणार.

भोरांची कल्पना सर्वांसाठी होती, पण पैशाअभावी ती बाजूला राहिली. आडारकरांची आखणी कारखान्यापुरती होती, ती चालू झाली. म्हणजे आरोग्यसंरक्षण माणसाला न चिकटता नोकरीला चिकटलं. आणि नोकरी तर म्हातारपणी सुटते.

मूळ कायद्यात निवृत्त कामगाराला काहीच नव्हतं. १९५२ पासून जवळजवळ चार दशकं अशी गेली, की माणूस तीस वर्षं वर्गणी भरे आणि ज्या वयात आजार सुरू होतात त्याच वयात त्याचा दवाखाना बंद होई. ते १९८९ च्या दुरुस्तीनं बदललं. निदान ५ वर्षं विम्यात काढून निवृत्तीच्या वयाला पोचलेल्या कामगाराला आणि त्याच्या जोडीदाराला वैद्यकीय लाभ मिळू लागला. वर्गणी महिना १० रुपये, वर्षाचे १२० रुपये एकदम भरायचे. देशातल्या कामगारांच्या म्हातारपणासाठी इतकी स्वस्त आणि इतकी कमी माहीत असलेली दुसरी सोय माझ्या पाहण्यात नाही.

आता माझ्या नकाशाकडे येतो.

दहा

१९८९ च्या त्याच दुरुस्तीनं आणखी एक बदल केला. आधी विजेवर चालणाऱ्या कारखान्यात २० माणसं असतील तर विमा लागू व्हायचा, आता १० माणसांना लागू झाला. कारखाना कायद्याचा आकडाही विजेच्या कारखान्याला १० हाच होता. कायदा करणाऱ्यांचा हेतू चांगला होता, लहान कारखान्यांतले कामगार आत यावेत हा. सुरतेनं त्याला आपल्या पद्धतीनं उत्तर दिलं.

मी ज्या खात्यात होतो तिथं ४८ माग आणि दोन्ही पाळ्या मिळून ३४ माणसं. पाळी १२ तासांची. एक दिवस शेठला विम्याच्या कार्यालयातून नोंदणीची नोटीस आली. शेठनं मला बोलावलं आणि म्हणाले, "साहेब, खात्याच्या आत तीन भिंती काढा. चार मीटर, चार नावं." चार नावं म्हणजे शेठ, त्यांचे भाऊ, वहिनी आणि मेहुणे. मी टेप घेतली, मागांच्या मधली जागा मोजली आणि साडेचार इंची विटांच्या तीन भिंती कागदावर काढल्या. प्रत्येकीत एक दार ठेवलं, कारण बीमची ट्रॉली तर इकडून तिकडे न्यायलाच हवी. कागदावर चार कारखाने झाले : ९, ९, ८ आणि ८ माणसांचे. दहावा माणूस कुठेच उरला नाही.

हे एकट्या आमच्या खात्यात घडलं नाही. दक्षिण गुजरातच्या मजुरांचा १९६० च्या दशकापासून अभ्यास करणारे डच समाजशास्त्रज्ञ जान ब्रेमन यांनी सुरतेच्या मागांबद्दल लिहिताना कायद्यातून सुटण्याचे असे रस्ते सविस्तर नोंदवले आहेत. शेठ वाईट होते असंही नाही. कापडाच्या ताक्यामागे सुटणारे पैसे थोडे होते आणि शेजारचं खातं वर्गणी भरत नसताना आपणच का भरायची, हा त्यांचा सवाल होता. कारीगरांनाही पगारातून कापून घेण्यापेक्षा रोख हातात बरी वाटायची. माझं म्हणाल, तर मला त्या महिन्यात शंभर रुपये बक्षीस मिळाले आणि काम नीटनेटकं झालं म्हणून बरंच वाटलं.

त्या ३४ माणसांत आप्पा होते. खात्यात त्यांना सगळे आप्पा म्हणत, मीही. शिरपूरकडचे, जन्म १९४० चा. मुंबईत गिरणीत जॉबर होते, विमा दवाखान्याचं कार्डही होतं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा ते ४२ वर्षांचे होते. गिरणी परत उभी राहिली नाही. मुंबईहून गावाला, गावाहून भुसावळ पॅसेंजरनं सुरतेला. १९०० साली तापी व्हॅली रेल्वे झाली तेव्हापासून खानदेशातल्या माणसाचा हाच रस्ता आहे. आज लिंबायत, डिंडोली, पांडेसरा भागांत जी मराठी वस्ती दिसते, तिच्यातले किती जण ह्याच गाडीतून उतरले! आमच्या खात्यात आप्पा मास्तर झाले. माग दुरुस्त करायला खरं तर त्यांनीच मला शिकवलं. पदवीत कुणी शिकवलं नव्हतं, की मागाचा बिघाड आधी कानानं ऐकायचा असतो.

ह्या निबंधासाठी मी परवा हिशेब मांडला. १९९३ मध्ये आप्पा ५३ वर्षांचे. नोटिशीप्रमाणे नोंदणी झाली असती, तर साठाव्या वर्षापर्यंत विम्यात ७ वर्षं भरली असती. अट ५ वर्षांची. म्हणजे २००० सालापासून आप्पा आणि आजी, दोघांनाही वर्षाला १२० रुपयांत मरेपर्यंत दवाखाना मिळाला असता. मधे तीन भिंती आल्या. त्या मी काढल्या.

ही कपात कुठल्याही अर्थसंकल्पात सापडणार नाही. विधानसभेच्या कामकाजात नाही, वर्तमानपत्रात नाही. ती ह्या निळ्या कागदावर आहे.

जाता जाता सांगतो, पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेग आला. लाखो लोक शहर सोडून पळाले, आमचं खातंही बंद होतं. त्यानंतर आयुक्त एस. आर. राव यांनी शहर कसं धुऊन काढलं, ते आपण सगळे अभिमानानं सांगतो आणि सांगावंच. पण माझ्या मनात तेव्हापासून एक खूणगाठ आहे. ज्या रोगाची लागण शेठच्या बंगल्यापर्यंत जाते, त्यावर पैसा निघतो. म्हातारपण संसर्गजन्य नाही.

पाच

दुसरा आकडा. २००८ मध्ये केंद्राची राष्ट्रीय स्वास्थ्य बीमा योजना आली : दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत उपचार. ४ सप्टेंबर २०१२ ला गुजरातेत मुख्यमंत्री अमृतम् म्हणजे "मा" योजना सुरू झाली, मोठ्या आजारांसाठी वर्षाला २ लाखांपर्यंत. डिसेंबरात विधानसभेची निवडणूक होती. तिकडे महाराष्ट्रानं जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना ८ जिल्ह्यांत सुरू केली, त्यांत आमचं धुळंही होतं. कामाच्या ठिकाणाशी बांधलेलं संरक्षण पहिल्यांदाच मोकळं होऊन घरापर्यंत आलं. फार मोठी गोष्ट होती ती, हे मान्यच करायला हवं. हृदयाचं ऑपरेशन फुकट होतं, हे ऐकून लोकांचा विश्वास बसत नव्हता.

पण स्वास्थ्य बीमा आणि मा, दोन्ही कार्डांवर जास्तीत जास्त ५ माणसं.

२०१३ मध्ये आप्पांच्या वस्तीत मा कार्डाचं शिबिर होतं. मी तोवर ती नोकरी सोडली होती, पण येणंजाणं होतं. आप्पांच्या मुलानं मला फॉर्म भरायला बोलावलं. मुलगा, सून, तीन नातवंडं : झाले पाच. आप्पा सहावे, आजी सातव्या. अंगठ्याचे ठसे घ्यायला रांग लागली होती. आप्पा खुर्चीत बसले होते, त्यांनी अहिराणीत विचारलं, "मना नंबर कितवा शे, भाऊ?" मुलगा काही बोलेना. तो म्हणाला, "धाकटीचं नाव काढू आणि आप्पांचं घालू." आप्पा उठले, म्हणाले, पोरांची नावं राहू दे, आणि बाहेर जाऊन बिडी पेटवली. ७३ वर्षांचे होते. श्वास लागायचा, पायांवर सूज यायची.

हा प्रसंग मी कितीदा तरी मनात उलटसुलट करून पाहिला. सरकारनं आप्पांना नाही म्हटलं नाही. सरकारनं फक्त पाच म्हटलं. कुणाला गाळायचं ते घरानं ठरवलं आणि घरात ते आजोबांनीच ठरवलं. कोणत्याही मंत्र्याला याहून सोयीची कपात कोणती? मोर्चा कुणावर न्यायचा, मुलावर?

आप्पा सरकारी रुग्णालयात गेले, तिथं त्यांना पाहिलं, औषधं दिली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. हृदयाची झडप खराब झाली आहे, असं कळलं. ऑपरेशनचा विषय घरात दोन-तीनदा निघाला आणि खर्चापाशी थांबला. २०१६ च्या पावसाळ्यात ते गेले.

सप्टेंबर २०१८ मध्ये आयुष्मान भारत आलं तेव्हा कुटुंबातल्या माणसांच्या संख्येची मर्यादा काढून टाकली गेली आणि रक्कम ५ लाखांवर गेली. चांगला, विचारपूर्वक केलेला बदल. पाचाचा आकडा चुकला होता, याची ती कबुलीच आहे असं मी समजतो. आप्पांसाठी तो दोन वर्षं उशिरा झाला.

सत्तर

तिसरा आकडा आजचा. २९ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रानं ७० आणि त्यावरच्या सगळ्यांसाठी, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाखांपर्यंतचं आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू केलं. सरकारच्या अंदाजानं जवळपास ६ कोटी माणसं त्यात येतात. १९४६ च्या भोर अहवालानंतर ७८ वर्षांनी म्हाताऱ्या माणसाला प्रथमच केवळ वयावर, नोकरी किंवा दारिद्र्य सिद्ध न करता, काही मिळालं. माझ्या आईचं कार्ड मी पहिल्या महिन्यातच काढलं.

मग ७० का? आपल्याच देशाच्या २००७ च्या आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक कायद्यात ज्येष्ठ म्हणजे ६० वर्षांचा. वृद्धापकाळाचं केंद्राचं निवृत्तिवेतन ६० ला सुरू होतं. विमा कायद्यात करारात वय लिहिलेलं नसेल तर निवृत्ती ६० ला. फक्त उपचार ७० ला. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीनंही २०२५ मध्ये हे वय ६० वर आणायची शिफारस केली आहे. कारण उघड आहे : साठ ते सत्तर ह्या दहा वर्षांतली माणसं सत्तरीपुढच्यांहून संख्येनं जास्त आहेत, म्हणजे खर्च मोठा.

आप्पांचा मुलगा आता ६१ वर्षांचा आहे. तोही मागांवरच होता. बारा तासांच्या पाळीत उभं राहून साठीला माणूस कसा होतो, ते उधन्याला पाळी सुटताना उभं राहून पाहावं. गुडघे गेले, एका कानानं ऐकू येत नाही. कामावर कुणी ठेवत नाही, म्हणजे कामासाठी तो म्हातारा आहे. वय वंदना कार्डासाठी तरुण आहे. गुजरातच्या योजनेत उत्पन्नाच्या दाखल्यावर येता येतं, पण त्याचं रेशनकार्ड शिरपूर तालुक्यातलं, मतही तिथलंच. मागच्या वर्षी पोटाचं ऑपरेशन करायचं होतं, तर त्यानं सरळ धुळ्याची वाट धरली. बापाला गावाहून इथं आणणारी पॅसेंजर मुलाला उपचारासाठी परत घेऊन गेली.

न हलणारे आकडे

आणखी एक प्रकार आहे, त्याला तर भिंतही लागत नाही. आकडा जागच्या जागी ठेवायचा, बस्स. विमा योजनेसाठी पगाराची मर्यादा जानेवारी २०१७ मध्ये २१,००० रुपये झाली, ती तिथंच आहे. महागाईनं पगार वाढतो, कामगार मर्यादेबाहेर जातो, निवृत्तीच्या आधीच विमा सुटतो आणि मग निवृत्तीनंतरची सोयही सुटते. हे इतकं वाढलं, की २०२४ मध्ये विमा महामंडळालाच अशा काही निवृत्तांना परत आत घेण्याचा निर्णय करावा लागला. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात ६० ते ७९ वयासाठी केंद्राचा वाटा २००७ पासून २०० रुपयेच आहे. राज्यं आपली भर घालतात, ते वेगळं. अठरा वर्षांत त्या २०० रुपयांत किती गोळ्या येईनाशा झाल्या, ते औषधाच्या दुकानदाराला विचारा.

आता दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर हा लेख एकतर्फी होईल. नियम आणि मर्यादा सगळ्याच वाईट नसतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये अहमदाबादच्या एका खासगी रुग्णालयानं कडी तालुक्यातल्या बोरिसणा गावात शिबिर भरवून माणसं नेली, त्यांच्या हृदयांच्या तपासण्या केल्या, काहींना स्टेंट घातले आणि दोघे दगावले. योजनेच्या पैशासाठी हे केलं, असा आरोप झाला, अटका झाल्या आणि राज्यानं नियम कडक केले. ते करायलाच हवे होते. पैसा सरकारचा म्हणजे आपलाच आहे आणि त्याला अंत आहे, हे मी अभियंता म्हणून जाणतो. कुठेतरी रेघ मारावी लागते. माझं म्हणणं एवढंच, की रेघ मारणाऱ्यानं ती उघड मारावी आणि तिच्या पलीकडे कोण राहिलं ते सांगावं. लंडनला १९५१ मध्ये अर्थमंत्र्यानं ते सभागृहात उभं राहून सांगितलं आणि त्याची किंमत मोजली.

आपल्याकडचं राजकारण ह्या बाबतीत फार सोपं आहे. कार्ड मंडपात वाटलं जातं, त्यावर फोटो असतो. अट परिपत्रकात असते, तिच्यावर कुणाचा फोटो नसतो. आणि अटीनं गळलेल्यांची संघटना होत नाही, कारण आपण गळलो याचा कागदच त्यांच्याकडे नसतो. ज्यांच्याकडे कागद आहे ते लढतात. ईपीएस-९५ चे निवृत्तिवेतनधारक पाहा. त्यांना किमान १,००० रुपये मिळतात, हे २०१४ पासून. बुलढाण्यात जिल्हाधिकारी कार्यालयासमोर त्यांचं साखळी उपोषण डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झालं आणि त्यांच्या मागण्यांत नवराबायकोच्या मोफत उपचाराचीही मागणी आहे. त्यांच्या हातात निवृत्तिवेतनाचा आदेश आहे, नंबर आहे. आप्पांच्या हातात काय होतं? मुंबईच्या गिरणीचं एक जुनं विमा कार्ड. सुरतेत काढलेल्या वीस वर्षांचा एक चिटोराही नाही. त्यातून मत गावाला आणि आजार इथं. इथल्या नगरसेवकाला त्यांचं मत नको आणि तिकडच्या आमदाराला त्यांचा आजार ठाऊक नाही.

मंडळाला विनंती

आपलं मंडळ किल्ल्याच्या बुरुजांची मापं घेतं, वखारींचे शिलालेख वाचतं, ते चालूच राहू दे. पण ह्या शहराच्या गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास पत्र्याच्या छपराखाली घडला आहे आणि त्याचे कागद आत्ता, आपल्या डोळ्यांसमोर भंगारात जात आहेत. कुणाच्या घरी जुनं विमा कार्ड असेल, गिरणीची पगारपट्टी असेल, मा कार्डाच्या शिबिराची पावती असेल, खात्याची हजेरी वही किंवा विजेचं बिल असेल, तर कृपा करून टाकू नका. बैठकीला आणा, आपण स्कॅन करून परत देऊ. एका पत्त्यावर चार मीटरची बिलं सापडली, तर तो ह्या इतिहासाचा शिलालेखच समजा.

मी सुरुवात केली आहे. निळा नकाशा मंडळाच्या कपाटात जमा केला. नोंदवहीत "वर्णन" ह्या रकान्यात काय लिहू, असं सचिवांनी विचारलं. मी म्हटलं, लिहा : साडेचार इंची विटांच्या तीन भिंती, प्रत्येकीत एक दार, चौतीस माणसं. काढणाऱ्याचं नावही लिहा, खाली सही आहेच.